पिग्मीच्या अर्धवट नोंदी टाळता येतात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरातील पतसंस्था, बाजार समितीतील अडत दुकाने, चादर-टॉवेलचे कारखाने आणि विडी कारखान्यांच्या शाखा यांचे हिशेब संगणकावर येऊन बराच काळ लोटला आहे. त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी रोजची मोठी पोस्टिंग, म्हणजे खात्यांवर नोंदी चढवण्याचे काम, एखादी छोटीशी स्क्रिप्टच (आज्ञांचा लहानसा प्रोग्रॅम) करते. ती कुणा स्थानिक प्रोग्रॅमरने कधीतरी लिहून दिलेली असते, ती चालते आहे तोवर तिच्याकडे कुणी पाहत नाही, आणि ज्या दिवशी एखाद्या खातेदाराची रक्कम चुकते त्या दिवशी काउंटरवरून ‘सिस्टीममध्ये एरर आला होता’ एवढेच उत्तर मिळते. अशा संस्थांच्या संगणकप्रणालींची देखभाल हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हे उत्तर किती अपुरे आहे, हे मी जवळून पाहतो. एरर येणारच; लाईट जाणार, केबल सुटणार, सर्व्हर बंद पडणार. परंतु एरर आला म्हणून हिशेब अर्धवट नोंदला जाणे ही गोष्ट टाळता येते, ती टाळण्याची सोय डेटाबेसमध्येच, म्हणजे हिशेबाची माहिती साठवणाऱ्या प्रणालीतच, असते, आणि ती न वापरणे हा स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचा व ती तपासून न घेणाऱ्याचा दोष आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पिग्मीचेच, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरण्याच्या ठेव योजनेचेच, उदाहरण घेतो. १९२८ साली उडुपीच्या ज्या बँकेने ही योजना सुरू केली, ती पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. आपल्याकडे मात्र पिग्मी म्हटले की पतसंस्थाच डोळ्यांसमोर येते. विडी वळणाऱ्या महिला, यंत्रमागावरचे कामगार, भाजीवाले, टपरीवाले रोज पन्नास-शंभर रुपये एजंटाकडे देतात, एजंट हातातल्या मशीनवर पावती काढून देतो आणि संध्याकाळी मशीनमधली फाईल आणि जमलेली रोकड शाखेत आणून देतो. मग ती स्क्रिप्ट चालते. फाईलमधल्या प्रत्येक ओळीसाठी तिला तीन ठिकाणी लिहावे लागते : खातेदाराच्या ठेवीची शिल्लक वाढवायची, पावतीची नोंद व्यवहारांच्या टेबलमध्ये (डेटाबेसमधल्या तक्त्यात) घालायची आणि शाखेच्या रोकड खात्याला ती रक्कम नावे टाकायची. खातेदाराच्या दृष्टीने ही एकच गोष्ट आहे, त्याने शंभर रुपये भरले. डेटाबेसच्या दृष्टीने मात्र ही तीन वेगवेगळी लेखने आहेत, आणि कुणी मुद्दाम सांगितल्याशिवाय ती एकमेकांशी बांधलेली आहेत हे त्याला ठाऊक नसते.

शहरातील एका पतसंस्थेत पुढील प्रकार माझ्या पाहण्यात आला. स्क्रिप्ट चालू असताना नेटवर्कची जोडणी मध्येच तुटली. तोपर्यंतच्या ओळी पूर्ण नोंदल्या गेल्या होत्या; ज्या ओळीवर ती अडकली तिच्यातील खातेदाराची शिल्लक वाढली होती, पण पावतीची आणि रोकड खात्याची नोंद राहिली होती; त्यापुढच्या ओळींना हातही लागलेला नव्हता. पडद्यावर काहीच हालेना, तेव्हा कर्मचाऱ्याने जे कुणीही केले असते तेच केले, म्हणजे स्क्रिप्ट पुन्हा चालवली, आणि या वेळी ती शेवटपर्यंत गेली. दिवसअखेरीस तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंचा मेळ, काढली तेव्हा फरक दिसला तो फक्त त्या एका अडकलेल्या ओळीचा. आधीच्या सगळ्या ओळी दुबार पडल्या होत्या, पण त्या जमेलाही दुबार आणि नावेलाही दुबार असल्यामुळे तेरजेला त्यांचा सुगावा लागणे शक्यच नव्हते. त्या उघडकीला आल्या त्या कॅशिअरने ड्रॉवरमधली रोकड मोजल्यावर, कारण संगणक दाखवत होता त्यापेक्षा रोकड कमी होती. रोकड कमी दिसली की पहिला संशय कुणावर येतो हे वाचकांना सांगायला नको. ज्या एजंटाने पै न पै आणून दिली होती, त्यालाच ती रात्र खुलासे देत काढावी लागली.

डेटाबेसमध्ये यावर जो उपाय आहे त्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. ‘बिगिन’ अशी आज्ञा दिली की त्यापुढची सगळी लेखने एक गठ्ठा म्हणून धरली जातात. सगळी सुरळीत झाली तर ‘कमिट’ म्हणायचे, आणि मगच ती कायम होतात. मध्ये काहीही बिघडले तर ‘रोलबॅक’ म्हणायचे, की गठ्ठा सुरू होण्यापूर्वी जसे होते तसे सगळे होते. कमिट होण्याआधी सर्व्हरची वीज गेली तर तो पुन्हा सुरू होताना स्वतःच्या लॉगवरून, म्हणजे घडामोडींच्या नोंदींवरून, अर्धवट राहिलेले लेखन स्वतःच पुसून टाकतो. म्हणजे वर सांगितलेल्या प्रकारात अडकलेल्या ओळीची शिल्लक वाढलेलीच राहिली नसती. ही कल्पना नवी नाही. थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर या दोन जर्मन संशोधकांनी १९८३ साली अशा गठ्ठ्याचे चार गुण एकत्र मांडले : तो अखंड असावा, त्याने हिशेबाचे नियम मोडू नयेत, एकाच वेळी चालणाऱ्या दुसऱ्या गठ्ठ्याशी त्याची सरमिसळ होऊ नये, आणि एकदा कायम झाल्यावर तो नाहीसा होऊ नये. जिम ग्रे यांना संगणकक्षेत्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९९८ साली मिळाला, तो मुख्यत्वे डेटाबेस आणि ट्रान्झॅक्शन या विषयांवरील त्यांच्या कामासाठी. एवढी जुनी आणि फुकटात उपलब्ध असलेली गोष्ट आपल्या शाखाशाखांमध्ये वापरली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ती का वापरली जात नाही, याचे एक कारण असे की न वापरताही स्क्रिप्ट चालते. आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ऑटोकमिट मुळातच चालू असते, म्हणजे बिगिन न म्हटल्यास प्रत्येक लेखन स्वतंत्रपणे लगेच कायम होते. चाचणीच्या वेळी दोन-चार ओळी घालून पाहिल्या की सगळे बरोबर दिसते आणि काम ‘पूर्ण’ म्हणून हवाली होते. ज्या दिवशी काही बिघडत नाही त्या दिवशी चांगली स्क्रिप्ट आणि वाईट स्क्रिप्ट यांच्यात काडीचाही फरक दिसत नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहितो. बिघाड झाला हे स्क्रिप्टला कळले तरच ती रोलबॅक म्हणेल. पीएचपी या स्क्रिप्ट लिहिण्याच्या भाषेमध्ये डेटाबेसशी बोलण्यासाठी जी पीडीओ नावाची सोय आहे, ती कित्येक वर्षे मूळ अवस्थेत मौन पाळत असे. लेखन फसले तर ती केवळ ‘फॉल्स’ असे उत्तर परत करी, आणि ते उत्तर कुणी तपासले नाही तर स्क्रिप्ट काहीच न झाल्यासारखी पुढच्या ओळीवर जाई. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या पीएचपी ८.० पासून पीडीओ अशा वेळी एक्सेप्शन, म्हणजे बिघाडाचा इशारा, उभे करते आणि त्याची दखल घेतली नाही तर स्क्रिप्ट थांबतेच; मायएसक्यूएलआय या दुसऱ्या सोयीसाठी हाच बदल पुढच्या वर्षी ८.१ मध्ये झाला. पण आपल्याकडच्या कितीतरी शाखांमधले सर्व्हर त्याच्या आधीचे आहेत आणि ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ या न्यायाने तसेच ठेवलेले आहेत. अशा ठिकाणी जोडणी करतानाच एरर-मोड एक्सेप्शनवर ठेवणारी एक ओळ लिहिणे अत्यावश्यक आहे. ती ओळ नसेल तर बिगिन आणि कमिट घालूनही उपयोग नाही, कारण तीनपैकी दुसरे लेखन फसले तरी स्क्रिप्ट निवांतपणे कमिटपर्यंत पोहोचेल आणि अर्धवट गठ्ठा आपल्याच हाताने कायम करून शेवटी ‘पोस्टिंग यशस्वी’ असे हिरव्या अक्षरांत दाखवील.

एक्सेप्शन उभे राहिले तरी पुढे काय करायचे, हाही प्रश्न उरतोच. ‘कॅच’, म्हणजे एक्सेप्शन पकडणारा भाग, लिहायचा आणि त्याच्या कंसात काहीच लिहायचे नाही, ही एक वाईट सवय मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. पडद्यावर लाल अक्षरे आली की गिऱ्हाईक घाबरते, म्हणून ती येऊ द्यायची नाहीत, असा त्यामागचा विचार असतो. त्या रिकाम्या कंसात खातेदाराचे पैसे गडप होतात. काय झाले ते कॅचमध्ये आधी स्क्रिप्टच्या लॉगमध्ये लिहावे, मग रोलबॅक करावा आणि मग तोच एरर पुन्हा वर पाठवावा, म्हणजे स्क्रिप्ट खरोखर थांबेल आणि तिने काम केले नाही हे बाहेरच्या प्रोग्रॅमलाही कळेल. लॉग आधी आणि रोलबॅक नंतर, हा क्रम मी जाणूनबुजून सांगतो आहे. जोडणीच तुटलेली असेल तर रोलबॅकची आज्ञाही फसते, तिचा स्वतःचा दुसरा एरर येतो, आणि मूळ कारण त्याखाली दडून जाते. सर्व्हरशी संबंध तुटला की अपुरे लेखन तो आपल्या बाजूने मागे घेतोच, पण काय बिघडले होते ते आपल्याला लॉगमधूनच कळू शकते. आणखी एक बारीक गोष्ट अशी की, पीएचपी ७ पासून काही बिघाड ‘एक्सेप्शन’ या जातीचे नसून ‘एरर’ या जातीचे असतात, उदाहरणार्थ रकमेच्या जागी काहीच न येणे; केवळ एक्सेप्शन पकडणाऱ्या कॅचच्या हातून ते निसटतात. दोघांनाही पकडायचे तर ‘थ्रोएबल’ असे लिहावे लागते.

लॉगमध्ये काय असावे, याबद्दलही माझा आग्रह आहे. ‘एरर आला’ एवढे दोन शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्याही कामाचे नसतात. कोणत्या एजंटाची फाईल, कोणत्या तारखेची, कितवी ओळ, कोणता पावती क्रमांक, डेटाबेसने दिलेला एररचा क्रमांक आणि गठ्ठा मागे घेतला की नाही, एवढे तरी त्यात असलेच पाहिजे. जुना मुनीम रोजकीर्दीत खाडाखोड न करता चुकीची नोंद उलट नोंदीने मिटवत असे आणि समासात कारण लिहून ठेवत असे, कारण पुढे वही पाहणारा माणूस वेगळा असणार हे त्याला माहीत होते. स्क्रिप्टच्या लॉगकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे.

काही ठिकाणी ट्रान्झॅक्शन लिहिलेले असते, एरर पकडलेला असतो, रोलबॅकही होतो आणि तरीही अर्धवट नोंद जागेवरच राहते. अशा वेळी टेबलाची जात पाहावी. मायएसक्यूएलमध्ये २०१० साली आलेल्या ५.५ आवृत्तीपर्यंत नवे टेबल मुळात मायआयसॅम या प्रकारचे तयार होत असे, आणि मायआयसॅमला ट्रान्झॅक्शन माहीतच नाही. रोलबॅक म्हटल्यावर ते केवळ एक सूचना देते आणि लिहिलेले तसेच ठेवते. त्यानंतर इनोडीबी हा प्रकार मूळ ठरला, परंतु जुना डेटाबेस नव्या सर्व्हरवर उचलून ठेवला म्हणजे त्यातली टेबले आपोआप बदलत नाहीत. ‘शो टेबल स्टेटस’ ही आज्ञा दिली की प्रत्येक टेबलापुढे त्याचा प्रकार दिसतो. पाच मिनिटांचे काम आहे. शिल्लक इनोडीबीत आणि पावत्या मायआयसॅममध्ये असा मिश्र संसार असेल तर रोलबॅक झाल्यावर शिल्लक मागे जाते आणि पावती राहते, आणि खातेदाराच्या पासबुकावर दिसणारी पण शिलकेत नसलेली रक्कम तयार होते.

असाच आणखी एक खड्डा आहे. फाईलमधल्या ओळी आधी एका तात्पुरत्या कामाच्या टेबलात उतरवायच्या आणि ते टेबल रिकामे करण्यासाठी ‘ट्रंकेट’ वापरायचे, अशी पद्धत बऱ्याच स्क्रिप्टमध्ये असते. मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेट, टेबल बनवणे किंवा त्याची रचना बदलणे अशा आज्ञांनी चालू ट्रान्झॅक्शन न विचारता कमिट होते. बिगिन आणि कमिट यांच्यामध्ये अशी आज्ञा आली तर तिथपर्यंतचे सगळे कायम होऊन जाते आणि नंतरच्या रोलबॅकला मागे घ्यायला काही उरत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असे होत नाही, तिथे ट्रंकेटही मागे घेता येते. म्हणून एका डेटाबेसवर शिकलेले दुसऱ्यावर तसेच्या तसे चालवू नये. पोस्टग्रेसची स्वतःची वेगळी तऱ्हा आहे : आज्ञांची फाईल पीएसक्यूएल या त्याच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला दिली आणि तिच्यातली एक आज्ञा फसली तरी, ‘ऑन एरर स्टॉप’ हा पर्याय लावल्याशिवाय, ते पुढच्या आज्ञा चालवतच राहते.

आता अडत बाजाराकडे वळतो, कारण तिथे प्रश्नाचे रूप बदलते. हिवाळ्यात कांद्याची आवक चढते तेव्हा सोलापूरच्या बाजार समितीत शेकडो ट्रक उतरतात, लिलाव झाला की शेतकऱ्याला हिशेबपट्टी लगेच हवी असते, आणि एकाच दुकानात दोन-तीन संगणकांवर एकाच वेळी पट्ट्या निघत असतात. एका पट्टीत शेतकऱ्याच्या खात्याला रक्कम जमा होते, खरेदीदाराच्या खात्याला नावे पडते, हमाली, तोलाई आणि वाहतूक वेगवेगळ्या खात्यांना जाते. इथे दोन संगणकांनी एकाच खरेदीदाराची बाकी एकाच क्षणी वाचली, दोघांनी आपापली रक्कम मिळवली आणि दोघांनी लिहिली, तर नंतर लिहिणाऱ्याची रक्कम राहते आणि आधीच्याची नाहीशी होते. एरर येत नाही, लॉगमध्ये काही नसते. म्हणून बाकी स्क्रिप्टमध्ये आणून बेरीज करू नये. ‘बाकी बरोबर बाकी अधिक रक्कम’ अशी आज्ञा डेटाबेसलाच द्यावी. बाकी पाहून निर्णय घ्यायचा असेल, जसे की उधारीची मर्यादा ओलांडली का, तर ती वाचतानाच ‘फॉर अपडेट’ म्हणून त्या ओळीला कुलूप घालावे. पट्टीचा पुढचा क्रमांक काढतानाही हेच लागू आहे.

कुलपे आली की दोन गठ्ठे एकमेकांची वाट पाहत अडकण्याची शक्यताही आली. एका संगणकाने शेतकऱ्याचे खाते धरले आणि त्याला खरेदीदाराचे हवे आहे, दुसऱ्याने खरेदीदाराचे धरले आहे आणि त्याला शेतकऱ्याचे हवे आहे. याला डेडलॉक म्हणतात. इनोडीबी तो ओळखते, दोघांपैकी एकाला १२१३ क्रमांकाचा एरर देते आणि त्याचा संपूर्ण गठ्ठा मागे घेते. हा बिघाड समजून घाबरण्याचे कारण नाही. तोच गठ्ठा बिगिनपासून पुन्हा चालवावा, दोन-तीनदा प्रयत्न करूनही न झाल्यास थांबावे, आणि सगळ्या स्क्रिप्टमध्ये खाती नेहमी खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच धरली तर असे प्रसंग मुळातच विरळ होतात. याच्या शेजारचा १२०५ हा एरर मात्र फसवा आहे. कुलपाची वाट पाहून मुदत संपली, जी मुळात ५० सेकंदांची असते, की तो येतो. पण तेव्हा केवळ तेवढे एक लेखन रद्द होते, आधीची लेखने आणि ट्रान्झॅक्शन तसेच उघडे राहते. १२१३ सारखाच समजून स्क्रिप्टने पुढे कमिट केले तर अर्धी पट्टी कायम होते. दोन्ही वेळा आपणहून रोलबॅक म्हणावे आणि सुरुवातीपासून सुरू करावे, यात कोणताच धोका नाही.

पुन्हा चालवण्याचा विषय निघालाच आहे, तर पिग्मीच्या त्या दुबार नोंदींकडे परत यायला हवे. ट्रान्झॅक्शनमुळे अडकलेली ओळ अर्धवट राहणार नाही, पण प्रत्येक ओळीचे वेगळे ट्रान्झॅक्शन केले असेल तर आधी पूर्ण झालेल्या ओळी दुसऱ्यांदा पडणे त्याने थांबत नाही. माझे मत असे आहे की पिग्मीमध्ये एका एजंटाची एका दिवसाची फाईल हाच गठ्ठा मानावा, कारण एजंट रोकडही एकत्रच भरतो आणि तिची बेरीज फाईलच्या बेरजेशी जुळली पाहिजे. यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की एक ओळ चुकली तर सगळी फाईल अडते. त्यावर उपाय असा की बंद झालेली खाती, न जुळणारे क्रमांक, रिकाम्या रकमा हे सगळे बिगिन म्हणण्याआधीच तपासावे आणि शाखाधिकाऱ्याला यादी दाखवावी. दुसरा आक्षेप वेगाचा, आणि तो तर चुकीचाच आहे : मूळ मांडणीत प्रत्येक कमिटला डिस्कवर लॉग उतरवावा लागतो, त्यामुळे शेकडो ओळींचे एकच कमिट हे शेकडो कमिटपेक्षा वेगवानच असते.

तरीही एक फट उरते. स्क्रिप्टने कमिट पाठवले आणि उत्तर येण्याआधीच जोडणी तुटली, तर ते झाले की नाही हे स्क्रिप्टला कळूच शकत नाही. त्यामुळे पुन्हा चालवणे निर्धोक व्हायचे असेल तर पावत्यांच्या टेबलावर एजंट क्रमांक, तारीख आणि पावती क्रमांक यांची मिळून एक ‘युनिक की’, म्हणजे तेच तिन्ही आकडे एकत्र दुसऱ्यांदा येऊ न देणारे बंधन, असलीच पाहिजे. मग तीच फाईल कुणी कितीही वेळा चालवली तरी दुसऱ्या वेळी डेटाबेस स्वतःच नकार देतो, आणि त्या नकारामुळे त्याच गठ्ठ्यातली शिल्लकवाढही मागे जाते. वर सांगितलेल्या पतसंस्थेत एवढी एक की असती तर त्या एजंटावर कुणी बोट दाखवले नसते. ती नाकारणी टाळण्यासाठी ‘इन्सर्ट इग्नोर’ वापरणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तसे करू नका; त्याने पावती गाळली जाते, शिल्लक मात्र वाढते.

खातेदाराला जाणारा एसएमएस नेहमी कमिटनंतरच जावा. गठ्ठ्याच्या मध्ये पाठवलेला एसएमएस रोलबॅकने परत येत नाही, आणि एसएमएस कंपनीच्या सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत सगळी कुलपे अडकून राहतात. पाठवायचे संदेश त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका वेगळ्या टेबलात लिहून ठेवावेत आणि दुसऱ्या स्क्रिप्टने ते उचलून पाठवावेत, ही पद्धत साधी आहे आणि टिकते.

एटीएममधून पैसे न येता खात्यातून कापले गेले तर पाच दिवसांच्या आत ते परत जमा झाले पाहिजेत, नाहीतर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ठरवून दिले आहे. ते परिपत्रक अधिकृत पेमेंट यंत्रणांसाठी आहे. पतसंस्थेच्या पिग्मी खात्यावर राहिलेल्या नोंदीला ते लागू होत नाही. विडी कामगार महिलेकडे असते ती फक्त मशीनवर निघालेली पावती, जिचा थर्मल कागद काही महिन्यांत फिका पडतो. म्हणूनच हा विषय केवळ संगणकवाल्यांचा नाही, तो संचालक मंडळांचाही आहे.

संचालकांना यातले तांत्रिक काही कळण्याची गरज नाही. त्यांनी स्क्रिप्ट करून देणाऱ्याला एवढेच सांगावे की, कालच्या बॅकअपवरून डेटाबेसची एक वेगळी प्रत उभी करा, खऱ्या डेटाला हात न लावता तिच्यावर एजंटाची फाईल चालवा, आणि ती अर्ध्यावर असताना आमच्यासमोर नेटवर्कची केबल काढा. त्यानंतर त्या प्रतीवर शिलकांची बेरीज, पावत्यांची बेरीज आणि रोकड खाते या तिन्ही रकमा काढून त्या फाईल चालवण्यापूर्वीच्या रकमांशी ताडून पाहा; मग केबल लावून तीच फाईल लागोपाठ दोनदा चालवा आणि पुन्हा ताडून पाहा. पहिल्या वेळी काहीच बदललेले नसावे आणि दुसऱ्या वेळी फाईलची रक्कम एकदाच वाढलेली असावी. यासाठी एक दुपार पुरते, आणि बॅकअप खरोखर परत उभा राहतो की नाही हेही त्यातच कळते. सहकार खात्याच्या पॅनेलवरील लेखापरीक्षकांनी वार्षिक तपासणीत या चाचणीचा सही-शिक्क्याचा कागद मागायला सुरुवात केली, तर मार्च अखेरीच्या आधी निदान शहरातील संस्था तरी ती करून घेतील.

दुसरी विनंती इथल्या अभियांत्रिकी आणि संगणक शाखेच्या महाविद्यालयांना आहे. कमिट आणि रोलबॅक अभ्यासक्रमात आहेत, परीक्षेत त्यांच्यावर प्रश्नही येतो, पण प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम चालला की त्याला गुण मिळतात. तो अर्ध्यावर बंद पाडल्यावर डेटाबेसची अवस्था काय होते, हे सहसा कुणी पाहत नाही. उद्या याच मुलामुलींना कुणीतरी पतसंस्थेची नाहीतर अडत दुकानाची स्क्रिप्ट लिहायला सांगणार आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत प्रोग्रॅमच्या आउटपुटसोबत तो मध्येच तोडल्यानंतरच्या टेबलांचे आउटपुटही जोडायला लावावे, एवढा बदल प्राध्यापकांना येत्या सत्रापासूनच करता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, सोलापूर